वजन उतरलं, कौतुक झालं... पुढं काय?

मंडळी, आज राजकारण नाही, ऊसदर नाही. आज वजनावर लिहितोय. हा ज्याचा त्याचा खासगी विषय आहे असं तुम्ही म्हणाल. मला मात्र तो गावाचा विषय वाटतो. शेवटपर्यंत वाचा, मग ठरवा.

२०१८ साल आठवतंय? डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची भाषणं तेव्हा प्रत्येकाच्या मोबाईलवर होती. दिवसातून दोनदाच जेवायचं, तेही ५५ मिनिटांच्या आत. मधे खायचं काही नाही. फार तर पाणी, पातळ ताक, बिनदुधाचा-बिनसाखरेचा चहा. आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा, दीक्षितांनी तो घरोघरी पोचवला. राज्य सरकारने त्यांना लठ्ठपणाविरोधी मोहिमेचं ब्रँड अँबेसिडरही केलं. दुसरीकडं ऋजुता दिवेकर सांगत होत्या, घरचं खा, आपल्या मातीतलं खा, तूप-भाताला घाबरू नका. लग्नाच्या पंगतीत ताट समोर घेऊन लोक भांडायचे, दीक्षित की दिवेकर?

त्या लाटेत आपल्याकडंही अनेकांचं वजन उतरलं. कुणी दहा किलो, कुणी पंधरा. आधीचा फोटो, नंतरचा फोटो, स्टेटसवर अभिनंदन. वाद सगळा वजन उतरवायचं कसं यावर झाला. उतरलेलं वजन चौथ्या-पाचव्या वर्षी कुठं असतं, हे फारसं कुणी विचारलं नाही.

उत्तर आपल्या आजूबाजूला दिसतंच. अनेकांचं परत आलं. मग गावाच्या तोंडी दोन वाक्यं ठरलेली. माणूस बारीक झाला की, "काय ओ, शुगर-बिगर निघाली का?" आणि परत भरला की, "गडी आला बघा मूळ पदावर!" पहिल्या वाक्याने काही बिघडत नाही. दुसऱ्याने बिघडतं. लाजेपोटी माणूस चालायला यायचा बंद होतो, वजनकाट्यावर उभा राहत नाही, दवाखान्यात शुगर तपासायलाही जात नाही. डॉक्टर ओरडतील, ही भीती. खरा धोका तिथं सुरू होतो.

म्हणून आधी हे समजून घेऊ, की वजन परत का येतं. आळस आणि जिभेचे चोचले एवढंच कारण नाही.

अमेरिकेत वजन घटवण्याच्या स्पर्धेचा एक गाजलेला टीव्ही शो होता. त्यातल्या १४ स्पर्धकांना तिथल्या सरकारी संशोधन संस्थेने सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. अहवाल २०१६ मध्ये आला. स्पर्धेत त्यांनी सरासरी ५८ किलो घटवले होते, त्यातले ४१ किलो परत आले होते. नुसतं बसून-झोपून शरीर जी ऊर्जा खर्च करतं, ती त्यांच्यात अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरींनी कमी भरली, आणि तीही सहा वर्षांनंतर! आपल्या हिशोबात सांगायचं तर ज्वारीच्या दोन मोठ्या भाकरी. आणखी एक अभ्यास मेलबर्नचा, २०११चा. वजन घटवल्यावर भूक वाढवणारे हार्मोन वर्षभरानंतरही चढेच होते. म्हणजे शरीर खर्च कमी करतं आणि मागणी वाढवतं. दुष्काळ पाहिलेलं शरीर आहे हे, साठा कमी झाला की घाबरतं.

पैशानेही हे सुटत नाही. अनंत अंबानी यांनी २०१६ मध्ये १८ महिन्यांत १०८ किलो वजन कमी केल्याची बातमी सगळ्यांनी वाचली. पुढं वजन परत आलं. दम्याची औषधं, त्यातली स्टिरॉइड्स, हे त्यांच्या आईने जाहीर मुलाखतीत सांगितलं होतं. तरी लग्नाच्या वेळी लोकांनी मीम्स बनवलेच. ट्रेनर, डॉक्टर, आचारी दिमतीला असणाऱ्याची ही गत, तर दिवसभर दुकानात बसणाऱ्याला किंवा सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाणाऱ्या आपल्या घरातल्या बाईला कुठल्या तोंडाने हसायचं?

आता इंजेक्शनं आली आहेत. २०२५ च्या मार्चमध्ये मौंजारो भारतात आलं, जूनमध्ये वेगोव्ही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांचा उपयोग होतो, हे खरं. पण वेगोव्हीतलं औषध बंद केल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं, हे चाचणीतच दिसलंय. कुणी "तीन महिने घेतो, मग बंद" म्हणत असेल, तर त्याला हे आधी सांगा.

मग टिकतं कुणाचं? अमेरिकेत १९९४ पासून अशा लोकांची नोंद ठेवली जाते. किमान साडेतेरा किलो घटवून वर्षभर टिकवलेले दहा हजारांहून जास्त लोक त्यात आहेत. वजन त्यांनी वेगवेगळ्या पद्धतींनी उतरवलं, पण टिकवण्याच्या सवयी बऱ्याच सारख्या. रोज साधारण तासभर हालचाल, बहुतेकांची चालणं. आठवड्यातून एकदा तरी वजन. सणाला एक आणि एरवी एक असं न करता खाण्याची एकच पद्धत. ही यशस्वी झालेल्यांची यादी आहे, तेवढं धरूनच वाचायचं. पण दिलासा देणारी एक गोष्ट त्यातून दिसते. दोन ते पाच वर्षं ज्यांनी टिकवलं, त्यांना पुढं टिकवणं बरंच सोपं गेलं.

आषाढी वारीला लाखो लोक असतात, टीव्ही असतो, ठिकठिकाणी स्वागत असतं. पालखी पंढरपुरातून परत निघते तेव्हा सोबत मोजकेच वारकरी, कॅमेरा एकही नाही. पण पालखी चालत परत जातेच. वजन टिकवणं हे त्या परतीच्या वाटेसारखं आहे. तिथं कुणी हार घालत नाही.

आता आपल्या गावाचं बोलू. आपली मालदांडी ३५-१ ज्वारी मोहोळच्याच संशोधन केंद्रातून निघालेली, याचा अभिमान हवाच. पण "भाकरी खाल्ली की वजन वाढत नाही" हा गैरसमज नको. पीठाला पीठ मोजलं तर ज्वारी आणि गव्हाच्या कॅलरी जवळपास सारख्याच. कडक भाकरी आणि शेंगाचटणी चावून, पोट भरेल एवढीच खाल्ली तर फायदा. आणि चहा! जाईल तिथं "घ्या की ओ अर्धा कप". दोन चमच्यांचे पाच चहा म्हणजे दिवसाला पन्नास ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी सांगितलेली वरची मर्यादा साधारण तेवढीच आहे. जेवण अजून व्हायचंय!

म्हणून माझ्या तीन मागण्या.

पहिली, चालायला जागा. दिवेघाट ते मोहोळ पालखी महामार्गाचं भूमिपूजन ८ नोव्हेंबर २०२१ ला पंतप्रधानांनी केलं, तेव्हा पालखीसाठी कडेने वेगळी पायवाट जाहीर झाली. योग्यच झालं. मग वर्षातून एकदा चालणाऱ्यांसाठी वाट होते, तर रोज चालणाऱ्यांसाठी गावात दोन किलोमीटरची, दिवे असलेली वाट का होऊ नये? पहाटे अंधारात ट्रकच्या बाजूने चालणाऱ्या बायका बघा, मग कळेल मी काय म्हणतोय. तोवर शाळा-कॉलेजची मैदानं सकाळ-संध्याकाळ खुली ठेवा.

दुसरी, सरकारी दवाखान्यांत तिशीपुढच्यांची बीपी-शुगर तपासणी होते. त्याच कार्डावर वजन आणि कमरेचा घेर लिहा, आणि सहा महिन्यांनी पुन्हा बोलवा. घेर पुरुषाचा ९० सेंटिमीटर, बाईचा ८० च्या वर गेला की सावध व्हायचं, एवढं तरी प्रत्येकाला ठाऊक हवं.

तिसरी आपल्या सगळ्यांकडं. "९० दिवसांत १५ किलो" अशी पाटी दिसली की एकच प्रश्न विचारा: दोन वर्षांपूर्वीची माणसं आज किती किलोची आहेत? पंगतीत आग्रह एकदाच करा. घरात एकाचं पथ्य असेल तर सगळ्यांच्या ताटात थोडा बदल करा, बाईला दोन स्वयंपाक करायला लावू नका.

आणि ज्यांचं वजन परत आलंय त्यांना: केलेलं सगळं वाया गेलेलं नाही. जेवढे महिने वजन कमी होतं, तेवढे महिने गुडघ्यांवरचा भार कमी होता. शुगर तपासा, गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, उद्या सकाळी पुन्हा चालायला या. कुणी "मूळ पदावर" म्हणालं तर त्यालाही सोबत घ्या. त्याचीही कंबर मोजायची राहिलीच असेल.

तीन-चार वर्षं वजन टिकवलेलं कुणी असेल तर खाली लिहा. किती किलो उतरवलं ते नंतर सांगा, रोज काय करता ते आधी सांगा.