रंगाखालची चीर

मिशिगनमध्ये नोकरी लागल्यावर आम्ही दोघांनी पहिली चैन केली ती गाडीमागे ओढायचा जुना कॅम्पिंग ट्रेलर घेण्याची. हॉटेलचे पैसे वाचणार, म्हणून स्वारी खूश! फ्रेमला नवाकोरा काळा रंग होता. मला तो मेंटेनन्स वाटला, निघाला मेकअप.

इथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. त्याने लोखंड गंजतं. दुसऱ्या ट्रिपनंतर ट्रेलर धुताना रंगाचा पोपडा निघाला आणि गाडीला जोडणारा दांडा फ्रेमला जिथे मिळतो, नेमकी तिथे चीर दिसली. हायवेवर तुटला असता तर? दोघंही गप्प.

मला वाटलं, वेल्डिंगचा एक टाका मारला की झालं. वेल्डरने आधी गॅस सिलिंडर आणि बॅटरी काढायला लावली. चिरेच्या टोकाला भोक पाडलं, म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग चीर घासून वेल्डने भरली आणि वरून निमुळत्या टोकांची पोलादी पट्टी जोडली. पट्टी चौकोनी असली, की ताण तिच्या सरळ कडेपाशी साठतो आणि नवी चीर तिथूनच सुरू होते.

शेवटी त्याने विचारलं, "पुढच्या बाजूला काय काय भरता?" पाण्याचे कॅन, जनरेटर, दोन सायकली... ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार हुकवर हवा. कमी पडला तर ट्रेलर डोलतो, जास्त झाला तर दांडा भोगतो. आमचा भोगत होता.

पट्टी एका दुपारी बसली. सामान कमी करण्यावरून मात्र आम्ही अख्खा रविवार भांडलो!

तेव्हा मंडळी, जुना ट्रेलर बघायला गेलात तर पडदे-गाद्या नंतर. आधी टॉर्च घेऊन खाली शिरा.