बेड्या ठोकल्या, म्हणजे नक्की काय?

‘लाचखोर तलाठ्याला बेड्या’, ‘फेक प्रोफाइलवाल्या रोमिओला बेड्या’... सकाळच्या चहाबरोबर अशी एखादी हेडलाइन असतेच ना? आम्ही पत्रकार हा शब्द इतका सढळ वापरतो, की साधी ‘अटक’ मिळमिळीत वाटायला लागलीय. आणि ‘ठोकल्या’च का? तर जुन्या तुरुंगांत कैद्याच्या पायातली बेडी खरोखरच रिव्हेट ठोकून पक्की केली जायची. आजची हातकडी किल्लीने उघडते, क्रियापद मात्र तेच!

गंमत म्हणजे, अशा कितीतरी बातम्यांत बेडी नसतेच. प्रेमशंकर शुक्ला खटल्यात १९८० साली सुप्रीम कोर्टाने सरसकट हातकड्या घालणं अमानुष ठरवलं. न्या. कृष्ण अय्यर यांचा निकाल होता तो. आरोपी पळेल अशी ठोस भीती हवी, शिवाय कारण लेखी नोंदवायला हवं. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने पोलिसांना थोडी मुभा दिली. खून, बलात्कार, दहशतवाद, असे काही गंभीर गुन्हे आणि सराईत गुन्हेगार. आर्थिक गुन्हेही मूळ विधेयकात होते, ते नंतर वगळले. तरी पहिल्यांदाच अडकलेल्या अकाउंटंटला आपण हेडलाइनमध्ये बिनधास्त बेड्या घालतो.

आरोप अजून सिद्ध व्हायचाय, बॉस! सोसायटीतल्या लोकांनी मात्र पेपर वाचलेला असतो. तो पुढे निर्दोष सुटला, तर ‘बेड्या काढल्या’ अशी हेडलाइन? मी तरी अजून वाचलेली नाही.