मुख्याध्यापकाला वर्गात परत पाठवा

धाराशिव जिल्ह्यातल्या एका उर्दू प्राथमिक शाळेची मी मुख्याध्यापिका आहे. आपल्याकडे कुठलाही जलसा असो, तालीमवर अर्धा तास बोललं जातंच. पहिली वही वाचनाचा हुकूम घेऊन उतरली, इल्म हीच कौमची ताकद, पोटाला चिमटा घ्या पण मुलांना शिकवा. सगळं बरोबर आहे. पण व्यासपीठावरच्या मंडळींना विचारा की गावातल्या शाळेच्या व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष कोण आहे. बहुतेकांना सांगता येत नाही. माझं भांडण या मंडळींशी आहे, सरकारशी आहे आणि तरुण मित्रांनो, तुमच्याशीही आहे.

माझं म्हणणं साधं आहे. मुख्याध्यापक वर्गात असला की शाळा चालते. आज सरकारने आणि समाजाने मिळून त्याला वर्गाबाहेर काढून मोबाइलसमोर बसवलं आहे.

मुख्याध्यापकाचं खरं काम कोणतं? नव्या शिक्षकाच्या तासाला मागच्या बाकावर बसून बघणं. तिसरीतली कोणती मुलं अजून अक्षर जोडून वाचत नाहीत, हे नावानिशी माहीत असणं. आठ दिवस न आलेल्या मुलीच्या दारात जाऊन उभं राहणं. ऊसतोडीला निघालेल्या आईबापाला दिवाळीआधी गाठून, मुलाला आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात ठेवा म्हणून विनवणं. भूम, परंडा, वाशी, कळंब या भागांत हे काम वेळेत झालं नाही, तर पोराच्या हातात कोयता येतो आणि पटावर त्याचं नुसतं नाव उरतं.

आणि आमचा दिवस जातो कशात? आज किती मुलं जेवली याची नोंद, यू-डायस प्लसची माहिती, आधारची दुरुस्ती, अपार आयडी, संच मान्यतेची कागदपत्रं, आणि ग्रुपवर ‘तात्काळ’ म्हणून आलेला तक्ता. उर्दू शाळेत त्यात नावांचा घोळ वाढतो. रजिस्टरला ‘शेख महंमद’, आधारवर ‘शैख मोहम्मद’ आणि बापाच्या कागदावर नुसतं ‘मो.’ असतं. एका नावाच्या दुरुस्तीत अर्धा दिवस जातो, तोवर चौथीचा वर्ग शिक्षकाविना गोंगाट करत असतो.

शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. त्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येत नाही. पण तक्ते भरणं हे ‘शाळेचंच काम’ ठरवलं की कलम जागच्या जागी राहतं आणि शिक्षक वर्गातून जातो. त्याच कायद्याच्या परिशिष्टात मुख्याध्यापकाचा निकषही आहे. पहिली ते पाचवीला पट १५० च्या वर हवा, सहावी ते आठवीला १०० च्या वर. गावातल्या उर्दू शाळेचा पट सहसा त्याखाली असतो. मग एखाद्या शिक्षकालाच ‘प्रभारी’ नेमतात. तो दोन वर्ग एकत्र शिकवतो आणि वर सगळी कागदपत्रंही सांभाळतो. धाराशिव हा २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. माझ्या लेखी जिल्ह्याची आकांक्षा मोजायची तर एकच प्रश्न पुरे: शाळेला पूर्णवेळ मुख्याध्यापक आहे का, आणि तो वर्गात दिसतो का?

काही जण म्हणतील, माहिती भरली नाही तर अनुदान कसं येणार? माहिती भरलीच पाहिजे. पण ते काम कारकुनाचं आहे. केंद्रातल्या दहा-बारा शाळांना मिळून एक कारकून द्या, बघा किती तास वर्गाला परत मिळतात. हायस्कूलला लिपिक असतो, प्राथमिक शाळेला का नसावा?

आता भाषेबद्दल. आपल्याकडची मुलं घरी दखनी बोलतात. ‘मेरेकू पानी होना’ म्हणणाऱ्या लेकराला पुस्तकातली उर्दूही नवीनच असते आणि मराठी त्याहून लांबची. कित्येक गावांत उर्दू शाळा सातवी-आठवीला संपते. पुढे मराठी माध्यमाचं हायस्कूल असतं. विज्ञान, भूगोल, गणित सगळं एका जूनमध्ये नव्या लिपीत आणि नव्या शब्दांत समोर येतं. मुलगा वर्षभर गप्प बसतो आणि मग गॅरेजला जातो. मुलीच्या घरचे म्हणतात, आठवी झाली, बस्स झालं. उर्दू हवी की मराठी, हा वाद घालणारे मोठे लोक या मुलांना भेटलेलेच नसतात. तिसरीपासून रोज एक तास नेटाने मराठी वाचन घेतलं, तर उर्दूही टिकते आणि आठवीही पार होते. पण तो तास घेणारा, त्यावर लक्ष ठेवणारा माणूस शाळेत मोकळा हवा.

ही अडचण एकट्या आपल्या समाजाची नाही. याच जिल्ह्यात ती एकेकाळी उलट्या बाजूने होती. निजामाच्या राज्यात १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम उर्दू होतं आणि वरच्या शिक्षणात मराठी बोलणाऱ्या पोरांची कोंडी व्हायची. ज्या मुलाच्या तोंडची भाषा शाळेत नाही, ते मूल मागे पडतं, मग त्याचा धर्म कोणताही असो. त्या काळात लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा उभी राहिली. स्वामी रामानंद तीर्थ तिथे मुख्याध्यापक होते. पुढे ते अंबाजोगाईला गेले आणि १९३८ च्या हैदराबाद सत्याग्रहात उतरले. लोकांना त्यांच्यातला नेता आठवतो, मुख्याध्यापक आठवत नाही. त्या लढ्याबद्दल आपल्या घराघरांत वेगवेगळ्या आठवणी आहेत, हे मला माहीत आहे. तरी एवढं घेण्यासारखं आहे: खेड्यातल्या शाळेचा मुख्याध्यापक हा साऱ्या मुलखाला दिशा देणारा माणूस असू शकतो. आज त्याच पदावरच्या माणसाला आपण ‘दाखला देणारे सर’ म्हणून ओळखतो.

कारण समाज शाळेत येतो तो दाखल्यासाठी आणि शिष्यवृत्तीसाठी. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने अल्पसंख्याक मुलांची पहिली ते आठवीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती बंद केली. त्या वर्षीचे अर्ज तोवर भरले गेले होते. पाचवीपर्यंतच्या मुलाला वर्षाला १००० रुपये मिळायचे, तेही गेले. संताप रास्तच होता, मलाही आला. पण त्यानंतर शाळेत फेरी मारणारे पालकही कमी झाले, आणि हे मला जास्त लागलं. हजार रुपयांसाठी चार खेपा घालणारा समाज, मूल वाचतंय का हे विचारायला एक खेप घालत नाही.

आपल्या स्वतःच्या संस्थांचं काय? संविधानाच्या अनुच्छेद ३० ने अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर शिक्षण हक्क कायदा या संस्थांना लागू राहिला नाही. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात न्यायालयाने या सवलतीचा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला आहे. निकाल काय लागायचा तो लागेल. पण हा हक्क कौमच्या मुलांचा आहे, एखाद्या घराण्याच्या खुर्चीचा नाही. जिथे मुख्याध्यापक सेवाज्येष्ठतेने किंवा कर्तबगारीने न येता अध्यक्षांच्या भाच्याच्या रूपाने येतो, तिथे ‘हमारा इदारा’ हे शब्द पोकळ आहेत. सरकारला जाब विचारणाऱ्या तरुणांनी हाच प्रश्न आपल्या संस्थाचालकांनाही विचारावा. एकाला विचारायचं आणि दुसऱ्याला सोडायचं, याला इन्साफ म्हणत नाहीत.

मग करायचं काय? सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत कायद्याने ७५ टक्के आईवडील आणि पालक असतात, आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा करणं, खर्चावर नजर ठेवणं, शाळा कशी चालते ते बघणं, हे अधिकार समितीकडे आहेत. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी रजिस्टर घरोघरी फिरतं, सह्या होतात आणि बैठक ‘झाली’. मशिदीच्या कमिटीवर जाण्यासाठी गावात दोन गट पडतात, शाळेच्या कमिटीवर मात्र नाव सुचवायला माणूस शोधावा लागतो.

तुमच्यातल्या ज्यांची मुलं शाळेत आहेत, त्यांनी समितीत या. ज्यांची नाहीत, त्यांनी आपल्या वहिनीला, बहिणीला समितीत बसवा आणि बैठकीआधी तिच्याबरोबर कायदा वाचा. इतिवृत्तात तीन मागण्या लिहून घ्या: केंद्राला एक कारकून, तिसरीपासून रोजचा मराठी वाचनाचा तास, आणि महिन्यातून एकदा मुख्याध्यापकाने पालकांसमोर सांगायचं की कोण वाचतंय आणि कोण मागे आहे. ठरावाची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रार हवेत विरते, पोच असलेल्या कागदाला उत्तर द्यावं लागतं.

तिसरी मागणी आम्हा मुख्याध्यापकांना जड जाईल. जाऊ द्या. ज्याला आपल्या वर्गातली मागे पडलेली मुलं नावानिशी सांगता येत नाहीत, त्याच्याकडे तक्ते कितीही पूर्ण असले तरी तो शाळा चालवत नाही.

या आठवड्यात शाळेत जा आणि व्यवस्थापन समितीची पुढची बैठक कोणत्या तारखेला आहे, ते विचारा. तारीख ठरलेली नसेल, तर ती ठरेपर्यंत तिथून उठू नका.