पोपटीचे मडके आणि खाचरांची नावे

पौष लागला की कर्जत-खालापुरात भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरांत वालाच्या शेंगा भरू लागतात. बांधावर भांबुर्डा माजलेला असतो. संध्याकाळी घरातले कुणीतरी मातीचे मडके घेऊन येते. तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या शेंगा, मध्ये बटाटे, कांदे, अंडी, केळीच्या पानात बांधलेले मसाल्याचे कोंबडीचे तुकडे, पुन्हा शेंगा. तोंडाशी पाला गच्च कोंबून मडके पालथे घालतात आणि भोवती पेंढा, गोवऱ्या, काटक्या रचून जाळ करतात. पाण्याचा थेंब घालायचा नाही, शेंगा आपल्याच ओलाव्यात शिजतात. अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडायचे. ते चर्रकन उडून गेले, की पोपटी झाली.

रायगडात विखुरलेल्या भावकीला एका जाळाभोवती बसवणारा हा दिवस पंचांगात सापडत नाही. गौरी-गणपतीत घर पाहुण्यांनी भरते खरे, पण तेव्हा बायका चुलीपुढे आणि पुरुष आरतीच्या गडबडीत असतात. पोपटीला कुणाला घाई नसते. जाळ पेटल्यापासून मडके उतरेपर्यंतचा तो अर्धा तास बोलण्याचा असतो. सत्तरी ओलांडलेली आत्या त्या अर्ध्या तासात सांगते, की समोरच्या वडाखालच्या खाचरात रोप कधीच नीट लागायचे नाही, कारण सकाळभर सावली असायची. त्या खाचराचे नाव तिच्या तोंडी असते. तिच्या भाच्याला फक्त गट नंबर ठाऊक असतो, आणि तोही जागा विकायचे ठरले तेव्हा कळलेला.

नातेवाइकांचे मेळावे आता कर्जत-खालापुरात पूर्वीपेक्षा जास्त भरतात, पण भरवणारी कुटुंबे बहुतेक बाहेरची असतात. नेरळपासून कशेळ्यापर्यंत आणि चौकापासून खोपोलीपर्यंत शेतघरे आणि रिसॉर्ट उभी राहिली आहेत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला आणि खालापूर दोन्ही शहरांच्या हाताशी आले. शनिवार-रविवारी तिथे ठाण्या-पुण्याची कुटुंबे पोहण्याच्या तलावाकाठी एकत्र येतात, आणि हिवाळ्यात त्यांना पोपटीसुद्धा मिळते, माणशी दर लावून. त्यात वाईट काही नाही. भेटणाऱ्यांना भेटण्याचा आनंद असतो आणि गावातल्या चार माणसांना काम मिळते. प्रश्न आहे तो त्या जमिनीवर ज्यांचे बालपण गेले त्यांचा. त्यांची भावकी कुठे भेटते?

कर्जतचे दुखणे रत्नागिरी-सिंधुदुर्गाहून वेगळे आहे. तिकडचा चाकरमानी दूर गेला, म्हणून त्याच्या परतण्याला वजन आले. गणपतीला गाड्या भरून जातात, घरे उघडतात, अंगण सारवले जाते. कर्जतला ही ताटातूट कधी झालीच नाही. खोपोलीपर्यंत रेल्वे १८५६ मध्येच आली होती आणि बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. मुंबईहून कर्जत रेल्वेने शंभर किलोमीटर. माणसे सकाळच्या लोकलने कामाला जाऊ लागली आणि रात्री घरी येऊ लागली. पुढच्या पिढीने बदलापूर, अंबरनाथ, कल्याण, डोंबिवलीला घर केले. तास-दीड तासाचे अंतर. ‘कधीही जाता येईल’ म्हणता म्हणता वर्षे जातात. मग सगळे जमतात ते कुणाच्या तरी दहाव्याला, नाहीतर तहसीलदार कचेरीत वारस नोंदीला.

इथल्या शेतकरी घरांतल्या बालपणात पाण्याला मोठी जागा आहे, आणि त्या पाण्याचा इतिहास साधा नाही. टाटांचे खोपोलीचे वीजघर १९१५ मध्ये सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ मध्ये. घाटमाथ्यावर धरणे बांधून अडवलेले पाणी नळांतून खाली उतरते, वीज करते आणि सुटते. खोपोलीचे पाणी पाताळगंगेला मिळते, भिवपुरीचे पेज नदीला. म्हणून कोकणातले इतर ओढे-नद्या मार्च-एप्रिलात आटत असताना पेज वाहती राहते. तिच्यावरच्या राजनाल्याने कर्जतच्या आसपासच्या गावांना उन्हाळी भात दिला, म्हणजे एका वर्षात दोन पिके. इथल्या कित्येकांची पोहायची पहिली शाळा हा नालाच. भर वैशाखात हिरवीगार खाचरे पाहत वाढलेली ही मुले कोकणात वेगळी ठरतात. आपल्या उन्हाळ्याच्या पाण्यासाठी वर घाटावर कुणाची तरी गावे बुडाली आहेत, हे मात्र त्यांना फार उशिरा कळते. घरच्या आठवणी सांगताना तेही सांगितले पाहिजे.

या बालपणात पाण्याइतकीच मोठी जागा कामाला होती. मार्च-एप्रिलात राब भाजायचा: कवळ, पालापाचोळा, शेण रोपाच्या जागेवर पसरून पेटवायचे, म्हणजे तण जळते आणि रोप जोमाने येते. मृगाच्या पावसात पेरणी, मग चिखलणी, मग लावणी. रोपांच्या मुठी डोक्यावरून खाचरात नेण्याचे काम पोरांचे. पहिल्या पावसात वळगणीचे मासे उलट्या धारेने शेतात चढायचे आणि सगळी वाडी घमेली, टोपल्या घेऊन धावायची. रानातून शेवळे यायची, रात्री बत्ती घेऊन मुठे धरायला जायचे. कापणीनंतर भारे खळ्यावर, झोडणी, पेंढ्याची उडवी, आणि त्या उडवीवरून उड्या मारल्याबद्दल मिळालेला मार.

या आठवणी गोड करून सांगण्याचा मोह फार होतो. तो आवरला पाहिजे. लावणीच्या दिवसांत शाळेतले अर्धे बाक रिकामे असत. चिखल्यांनी पायांची बोटे सडत. आषाढ-श्रावणात कणगी तळाला लागे आणि सावकाराकडून सवाई-दिडीने धान्य उचलावे लागे. माथेरानमध्ये १ डिसेंबर १९१२ रोजी जन्मलेल्या विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवालांनी वकिली शिकून आल्यावर कर्जत भागातल्या शेतकऱ्यांसाठी शाळा काढल्या आणि धान्यकोठ्या उभ्या केल्या, ते याच भुकेमुळे. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते आणि मानिवलीचे हिराजी पाटील इंग्रजांच्या गोळ्यांना बळी पडले. तालुका दरवर्षी त्यांना मानवंदना देतो. घरोघरी आजही सांगण्यासारखे आहे ते त्या कोठ्यांबद्दल: आपल्या पणज्याने तिथून धान्य घेतले होते का, कुणाच्या घरी किती महिने भात पुरायचा आणि पुढे काय खायचे.

आठवणीत आणखी एक गोष्ट बहुतेक वेळा गाळली जाते. लावणी बायकांनी केली आणि सातबारा पुरुषांच्या नावावर राहिला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क दिला, २००५ मध्ये तो देशभर झाला, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मानेच मिळतो, त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही, असे स्पष्ट केले. तरी माहेरवाशिणीला सगळ्या भावांनी मिळून आग्रहाचे बोलावणे धाडले, तर ते हक्कसोड पत्रावर सही करण्यासाठी असण्याची शक्यता आजही मोठी आहे. जमिनीला मोल आल्यापासून तर जास्तच. ज्या खाचराचा चिखल बहिणीच्या पायांना लागला, ते खाचर कागदावरून जाताना तिच्या हाती साडी येते. कुटुंबाच्या मेळाव्यात हे बोलायचे नाही, असा एक अलिखित संकेत असतो. तो मोडला पाहिजे. बहिणीला बोलवायचे तर तिच्या आठवणीसाठीही बोलवावे आणि तिच्या वाट्यासाठीही.

मराठीत कुलवृत्तांतांची मोठी परंपरा आहे. गेल्या शतकात अनेक आडनावांच्या मंडळींनी कुलसंमेलने भरवली, वंशवृक्ष छापले, मूळ गाव, गोत्र, कुलदैवत, कोण कुठे नोकरीला लागले याच्या नोंदी केल्या. काम चिकाटीचे होते आणि त्याचा अभ्यासकांना उपयोगही झाला. मात्र हे कुलवृत्तांत बहुतांशी शिकलेल्या, पांढरपेशा घराण्यांचे निघाले. कर्जत-खालापुरातल्या आगरी, कुणबी, मराठा घरांचे, ठाकर आणि कातकरी वाड्यांचे असे ग्रंथ कुठे आहेत? त्यांचा वृत्तांत खाचरांत आहे. कुठल्या खाचराला कोणते नाव, ते नाव का पडले, कुठल्या बांधाला खेकडे भोके पाडायचे, पाणी आधी कुणी घ्यायचे, राबाला कवळ कुठल्या रानातून यायचे, कुळकायद्यात जमीन कुणाच्या नावे झाली आणि कुणाची राहून गेली. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन, त्या दिवशी कसणारा कूळ कायद्याने मालक मानला गेला. त्या वेळी दहा वर्षांचे असलेले मूल आज ऐंशीच्या उंबरठ्यावर आहे. घरात तेव्हा काय बोलणे झाले, हे सांगू शकणारी ही शेवटची माणसे.

आणि सांगणारेच उरत नाहीत तेव्हा काय होते, ते खालापूर तालुक्याने पाहिले आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ता राहिली आणि शोध थांबवावा लागला. ठाकर कुटुंबांची ती वाडी होती. डोंगरावरची नाचणी-वरी, रानभाज्यांच्या जागा, कुठल्या झऱ्याला कधीपर्यंत पाणी असते, हे सगळे जाणणारी माणसे एका रात्रीत गेली. वाचलेल्यांसाठी नवी घरे बांधणे हे सरकारचे कर्तव्य. वाडीत काय होते ते वाचलेल्यांच्या तोंडून, त्यांच्या इच्छेने आणि त्यांच्या बोलीत लिहून घेण्याचे काम मात्र सरकारी यंत्रणेच्या यादीत नसते.

जपण्या-घडवण्याचे काम होऊ शकते, याची उदाहरणे याच तालुक्यांत आहेत. कशेळ्याच्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सने आदिवासी वाड्यांत धान्य बँका चालवल्या आणि भाताच्या जुन्या स्थानिक वाणांचे बियाणे जमवून जपले. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने कर्जत-१८४, कर्जत-३, कर्जत-७ असे वाण शेतकऱ्यांना दिले, तालुक्याचे नाव त्यामुळे दूरच्या शेतांत पोचले. नेरळजवळच्या सगुणाबागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी कृषी पर्यटन रुजवले आणि पुढे ‘सगुणा राईस तंत्र’ आणले. गादीवाफ्यावर टोकण करायचे, त्यात नांगरणी, चिखलणी, लावणी लागत नाही. कंबर मोडणारे काम वाचते, जमीन सुधारते. ते स्वीकारणाऱ्या शेतकऱ्याला दोष देण्याचे कारणच नाही. पण त्याचा अर्थ असाही आहे, की वाकून लावणी केलेली ही कदाचित शेवटची पिढी. बियाणे जपायला संस्था आहे, वाण काढायला केंद्र आहे. घरच्या खाचरांची नावे जपायला घराशिवाय कुणी नाही.

म्हणून मेळावा शेतावर व्हावा. शेत विकले गेले असेल तर बांधाच्या अलीकडे, गावदेवीच्या पारावर, कुणाच्याही अंगणात. कोरियात चुसोक या शरद ऋतूतल्या सणाला माणसे शहरे सोडून मूळ गावी जातात आणि नव्या तांदळाचे गोड पदार्थ पूर्वजांपुढे ठेवतात. आपल्याकडे आश्विन पौर्णिमेला नवान्न आहेच, आणि ते जमले नाही तर पोपटी आहे. एखादी वही न्यावी. थोरल्या माणसाला शेताच्या कडेकडेने चालवत न्यावे, ते शक्य नसेल तर जमिनीवर काठीने नकाशा काढायला सांगावे. खाचरांची नावे लिहावीत आणि नावापुढे गट नंबर. शेजारी लावणीला कुठल्या बायका असायच्या, त्यांचीही नावे. वर्षानुवर्षे त्याच शेतावर राबलेल्या कातकरी-ठाकर कुटुंबांना त्या दिवशी जेवायला बोलवावे आणि त्यांच्याकडूनही ऐकावे. मालकाच्या घरात जे विसरले गेले, ते पुष्कळदा मजुराच्या घरात लक्षात असते. पोरांच्या हाती मोबाइल असतोच. आजीच्या आवाजातले ध्वनिमुद्रण त्यांनी करावे आणि वही त्यांनीच ठेवावी.

वाल संक्रांतीच्या सुमाराला भरतो. मडके कुंभाराकडून आधीच आणून ठेवता येईल, पण आत्याला फोन आजच करावा आणि तिला यायला गाडी पाठवावी.