ठेंगण्या गाडीची कैफियत

पुणे जिल्ह्याच्या पूर्वभागात भीमा आणि घोड या नद्यांच्या आश्रयाने वसलेले शिरूर आणि दौंड हे तालुके ऊस, कांदा, रांजणगावची औद्योगिक वसाहत आणि दौंडचे रेल्वे जंक्शन यांमुळे सर्वांच्या परिचयाचे असले, तरी ज्याला गाडी घेऊन हिंडण्याचा नाद आहे त्याच्या लेखी या मुलखाचे माहात्म्य निराळेच आहे. रांजणगावच्या महागणपतीकडून भीमाकाठच्या सिद्धटेककडे जाणारी अष्टविनायकाची वाट, मोराची चिंचोली, टाकळी हाजी आणि निघोज यांच्या दरम्यान कुकडीने पाषाणात कोरून काढलेले रांजणखळगे, आणि जरा पुढे भिगवणच्या पाणपसाऱ्यावर हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्षी, एवढा सारा ऐवज येथे दोन दिवसांच्या रपेटीत सहज पाहून होतो. त्यामुळे गाडीतच अंथरूण, शेगडी आणि पाण्याची टाकी घेऊन निघणाऱ्या प्रवाशाला हा प्रदेश मानवतो. आणि महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरण स्वीकारल्यापासून या प्रकाराला सरकारदरबारीही थोडी प्रतिष्ठा प्राप्त झाली आहे.

या हौसेची एक शाखा मात्र वादग्रस्त आहे. जुनी व्हॅन मिळवावी, तिच्या अंतर्भागाला घराचे रूप द्यावे, आणि मग तिचा देह जमिनीपासून चारदोन बोटांच्या अंतरावर येईल इतका खाली बसवावा, असा हा षौक आहे. जगभर या षौकाचे आराध्यदैवत म्हणजे फोक्सवॅगनची व्हॅन; बेन पॉन या डच व्यापाऱ्याने १९४७ मध्ये वहीत काढलेल्या एका रेखाटनातून तिची कल्पना निघाली, मार्च १९५० मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले, आणि तिच्या दुसऱ्या पिढीची गाडी ब्राझीलमध्ये थेट २०१३ च्या अखेरीपर्यंत तयार होत राहिली. आपल्याकडे तिच्या जवळपास जाणारे स्थान बजाज टेम्पोच्या मॅटाडोरचे: पुढच्या चाकांना गती देणारी, म्हणून तळ सखल असणारी, आणि वऱ्हाडापासून भाजीपाल्यापर्यंत काहीही निमूटपणे वाहणारी. अशा गाडीवर जीव जडणे स्वाभाविक आहे, आणि ती ठेंगणी केल्यावर देखणी दिसते हेही मी नाकारीत नाही. उंच व्हॅनचा गुरुत्वमध्य खाली आल्याने वळणावर ती कमी कलते आणि आडव्या वाऱ्यात कमी हेलकावते, हा लाभही खराच. माझे म्हणणे एवढेच की, गाडीची उंची हा रूपाचा विषय असला तरी तिच्या चाकांचा खेळ हा जीविताचा विषय आहे. आणि आपला षौकीन, आपला कारागीर, आपले बांधकाम खाते आणि आपला कायदा हे चौघेही पहिल्याकडे पाहतात व दुसऱ्याकडे पाठ फिरवतात.

चाकाचा खेळ म्हणजे खड्डा अथवा उंचवटा आला असता चाकाला वरखाली सरकण्यास मिळणारा अवकाश. हा अवकाश संपला की चाकाचा दांडा रबरी ठोकळ्यावर आदळतो, आणि त्या क्षणापासून गाडीला सस्पेन्शन असून नसल्यासारखेच होते. गुडघे ताठ ठेवून ओट्यावरून उडी घेणाऱ्या माणसाच्या मणक्याचे जे होते, तेच मग चॅसिसचे होते. आता गाडी खाली बसवताना हा खेळ निम्मा केला, तर पूर्वीइतकाच धक्का ठोकळ्यापर्यंत न पोहोचता जिरवण्यासाठी कमान, म्हणजे स्प्रिंग, चौपट कठीण करावी लागते, कारण कमानीत साठणारी शक्ती दबण्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कमान चौपट कठीण झाली की गाडीच्या डोलण्याची गती दुप्पट होते: स्वतःच्या वजनाने पंचवीस सेंटिमीटर दबणाऱ्या कमानीवर गाडी सेकंदाला सुमारे एकदा सावकाश डोलते, तर सव्वासहा सेंटिमीटर दबणाऱ्या कमानीवर ती सेकंदाला दोनदा हिसके देते. कॅम्पर व्हॅनचा मामला तर आणखी बिकट, कारण तिच्यात पलंग, कपाटे, गॅसची टाकी आणि पाणी यांचे कायमचे ओझे असते. वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो वजन, आणि हे ओझे रिकाम्या गाडीवर उंची ठरविणाऱ्या कारागिराच्या हिशेबात बहुधा नसते.

तथापि खाली बसवण्याच्या सर्वच रीती सारख्या सदोष नाहीत, आणि येथेच जाणकाराची परीक्षा आहे. जुन्या फोक्सवॅगन व्हॅनमध्ये गुंडाळीची स्प्रिंग नसून पीळ सोसणाऱ्या पोलादी दांड्या आणि पट्ट्या असतात. मागच्या दांडीच्या दोन टोकांवरील दातांची संख्या भिन्न असल्यामुळे एक टोक पुढे व दुसरे मागे फिरवून उंची अगदी सूक्ष्म प्रमाणात बदलता येते. पुढे मात्र आडव्या नळीत जुळवणीची योजना बसवून पट्ट्यांचा कोन बदलावा लागतो. या दोन्ही रीतींत दांडा मूळच्या जागेहून वर सरकतो आणि तेवढा खेळ कमी होतो. याउलट, ज्या स्पिंडलवर चाकाचा आस मूळच्या जागेपेक्षा वरच्या अंगाला बसविलेला असतो असे स्पिंडल घातले, तर गाडी खाली येते, पण दांड्याचा कोन आणि त्याचा खेळ बव्हंशी पूर्ववत् राहतो. फक्त टायर वर मडगार्डला घासत नाही ना, एवढे पाहावे लागते. पहिला उपाय स्वस्त आणि दुसरा खर्चाचा. स्प्रिंग असलेल्या गाड्यांत ती कापून आखूड करणे हा सर्वांत स्वस्त व सर्वांत घातक मार्ग. त्यातच मागची चाके वरच्या बाजूने आत कलतात, टायर आतल्या कडेने झिजतात, स्टीअरिंगच्या दांड्यांचे कोन बिघडून खड्ड्यात गाडी आपोआप दिशा बदलू लागते, आणि लांबी न बदललेले शॉकॲब्सॉर्बर तळाशी आपटून फुटतात. अलाइनमेंट पुन्हा करून घेतल्याखेरीज अशी गाडी रस्त्यावर आणणे म्हणजे दैवावर हवाला ठेवणे होय.

आता रस्त्याकडे वळू. भीमाकाठची काळी कसदार जमीन उसाला वरदान असली तरी सडकेला शाप आहे; पाणी पिऊन ती फुगते, उन्हाने आकसते, आणि तिच्यावर अंथरलेले डांबर लाटांसारखे वरखाली होऊन बसते. त्यावर गळीत हंगामात ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या जोडून उसाची रास वाहिली जाते. शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याकडे जाणाऱ्या माणसाला सस्पेन्शनचे शास्त्र पुस्तकातून शिकण्याची आवश्यकता राहत नाही. आणि ठेंगण्या गाडीचे पोट खरवडले जाते ते बहुतेक वेळा गावच्या तोंडाशी असलेल्या गतिरोधकावर.

या गतिरोधकाचे गणित उद्बोधक आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या संकेतानुसार वर्तुळखंडाच्या आकाराचा गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि सतरा मीटर त्रिज्येचा असावा, म्हणजे ताशी पंचवीस किलोमीटर वेगाने तो सुखरूप ओलांडता येतो. फोक्सवॅगन व्हॅनच्या पुढच्या व मागच्या चाकांत २.४ मीटरचे अंतर आहे. ती गाडी अशा शास्त्रशुद्ध गतिरोधकाच्या ऐन मध्यावर आली असता चारही चाके उतारावर चढलेली असल्याने तिच्या पोटाखालची जागा अवघी सव्वाचार सेंटिमीटरने कमी होते. मात्र गावकऱ्यांच्या मागणीवरून घाईने टाकलेला, हातभर रुंदीचा, भिंतीसारखा उभा गतिरोधक दोन चाकांच्या मध्ये आला की त्याची सगळीच्या सगळी उंची गाडीच्या पोटावर येते. म्हणजे उंची तीच, पण एक गतिरोधक ठेंगण्या गाडीलाही वाट देतो, आणि दुसरा प्रसूतीसाठी नेल्या जाणाऱ्या बाईच्या रुग्णवाहिकेलाही हादरवून सोडतो. षौकिनाची तक्रार आणि गरोदर बाईची यातना एकाच बेफिकिरीतून उद्भवते. म्हणून षौकिनाच्या तक्रारीला चैनीची कुरकुर म्हणून हसण्याआधी बांधकाम खात्याने आपल्या गतिरोधकांची मापे एकदा रुजुवात करून पाहावीत.

याच रस्त्यांवर सस्पेन्शनमधील फेरबदलाचा एक उलट प्रकार राजरोस चालतो, आणि तो संख्येने किती तरी पटींनी मोठा आहे. मालवाहू पिकअपच्या मागच्या पाट्यांत एक-दोन जादा पाटे घालून घेणे ही आपल्याकडची जुनी वहिवाट आहे. गाडी भारानिशी बसू नये एवढाच त्यामागील हेतू. परंतु जादा पाट्याने ब्रेक वाढत नाहीत, टायरची ताकद वाढत नाही, आणि माल उतरवून रिकामी परतणारी तीच गाडी एवढी ताठर झालेली असते की खडबडीत रस्त्यावर तिची मागची चाके उडतात व ब्रेक लावताच जागीच अडकून घसरतात. ठेंगण्या व्हॅनने खेळ गमावला तो सौंदर्यापायी, पिकअपने गमावला तो चार पोती अधिक नेण्यापायी. चाकाला दोहोंतील भेद कळत नाही.

कायद्याची स्थिती अशी: मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा फेरबदल मालकास करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ कठोरपणे लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरबदलास प्रत्येकी पाच हजार रुपये दंडाची अथवा सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद झाली. पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठी २०२१ मध्ये जी विंटेज नोंदणी निघाली, तिच्यातही गाडी मूळ स्वरूपातच राखलेली असावी अशी अट आहे. हुकूम स्पष्ट आहे. अंमल मात्र नाही. सायलेन्सरचा आवाज कानांना ऐकू येतो म्हणून तो पकडला जातो, चाकाचा उरलेला खेळ कोणी मोजत नाही म्हणून तो सुटतो. परिणामी सचोटीचा माणूस परवानगी मागायला गेला तर त्याला द्यायला दाखलाच नाही, आणि आडबाजूला वेल्डिंग करून घेणाऱ्याला विचारणारा कोणी नाही.

यावर काहीजण म्हणतील की मूठभर हौशी लोकांसाठी फेरबदल तपासून दाखला देण्याचा खटाटोप सरकारी यंत्रणेने का करावा. त्याचे उत्तर जादा पाट्यांच्या पिकअपमध्ये आहे. फेरबदल तपासण्याची एक रीतसर तजवीज उभी राहिली तर तिच्या कक्षेत व्हॅन क्वचित येईल, पिकअप रोज येईल. जर्मनीत असा फेरबदल मान्यताप्राप्त अभियंत्याकडून तपासून घेऊन वाहनाच्या कागदपत्रांत नोंदविण्याची पद्धत रुळलेली आहे. आपल्याकडेही फेरबदलांसाठी मानके व अटी ठरविण्याचा अधिकार केंद्र शासनाला आहे, आणि वाहनांची शास्त्रोक्त परीक्षा करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन तर १९६६ पासून पुण्यातच आहे. तपासणीच्या बाबी मोजक्याच असाव्यात: पूर्ण भार घालून गाडी उभी केल्यावर प्रत्येक चाकाला ठोकळ्यापर्यंत किती खेळ उरतो, चाके शेवटपर्यंत वळवली असता टायर कोठे घासतो काय, चारही चाकांचे ब्रेक समतोल धरतात काय, अलाइनमेंट मर्यादेत आहे काय, आणि दिव्यांचा झोत योग्य जागी पडतो काय. एवढ्यात उतरेल त्याच्या नोंदणीपत्रावर शेरा मारावा, आणि न उतरेल त्याला मूळ स्थिती पूर्ववत् करण्यास मुदत द्यावी.

तोवर षौकिनाने स्वतःवरच एक शिस्त घालून घ्यावी. गाडी किती खाली येईल हे प्रत्येक कारागीर सांगतो. सारे सामान, भरलेली टाकी आणि चार माणसे आत असताना चाकाला किती खेळ उरेल, हा प्रश्न त्याला विचारावा. ज्याला याचे उत्तर सेंटिमीटरमध्ये देता येत नाही, त्याच्या हाती गाडी देऊ नये. आणि उत्तर मिळाल्यावर जर असे दिसले की न्हावऱ्याच्या रस्त्याला तो खेळ पुरणार नाही, तर रस्ता सुधारेपर्यंत गाडी उंच ठेवण्यात कमीपणा मानू नये.