जुना खेळाडू हिशेबात बसत नाही म्हणे!

इंग्लंडमध्ये फुटबॉलचा हंगाम मे महिन्यात संपला की प्रत्येक क्लब यादी लावतो : कोणाला ठेवले, कोणाला सोडले. बहुतेक करार 30 जूनला संपतात. आम्ही मोठ्या वर्गातली मुले ही यादी परीक्षेच्या निकालासारखी वाचतो.

वय झाले, पाय मंदावले म्हणून एखाद्याला सोडले तर आमची तक्रार नाही. पण खेळाडू चांगला खेळतो आहे, क्लबलाही तो हवा आहे, आणि केवळ पगाराच्या मर्यादेत बसत नाही म्हणून त्याला निरोप द्यायचा, हे आम्हांला पटत नाही.

ऑगस्ट 2020 मध्ये, करोनामुळे मैदाने ओस पडलेली असताना, लीग वन आणि लीग टूच्या क्लबांनी मतदान करून संघाच्या एकूण पगारावर मर्यादा घातली : वर्षाला अनुक्रमे 25 लाख आणि 15 लाख पौंड. त्याला कारणही होते. 1885 साली स्थापन झालेल्या बरी क्लबला पैशांची सोय दाखवता आली नाही म्हणून 2019 मध्ये लीगमधून काढले गेले होते. तेव्हा मर्यादाच नको, असे आम्ही म्हणत नाही. पण त्यातली मेख बघा. 21 वर्षांखालील खेळाडूंचा पगार मोजायचाच नव्हता! म्हणजे एकोणीस वर्षांचा मुलगा हिशेबाला फुकट आणि पस्तिशीचा माणूस पूर्ण किमतीला. मग मॅनेजर कोणाला सोडील, हे सांगायला गणिताची शिकवणी नको. खेळाडूंच्या संघटनेने दाद मागितली आणि फेब्रुवारी 2021 मध्ये हा नियम गेला.

प्रश्न मात्र गेला नाही. 2021 मध्येच मेस्सीने पगार निम्मा करायची तयारी दाखवूनही स्पेनच्या लीगच्या मर्यादेमुळे बार्सिलोना त्याला ठेवू शकला नाही. आता प्रीमियर लीगनेही 2026-27 पासून संघावरचा खर्च उत्पन्नाच्या 85 टक्क्यांपर्यंत ठेवायचे ठरवले आहे.

मनात आणले तर नियमात वाट काढता येते. पाच वर्षे आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेल्या भारतीय खेळाडूला ‘अनकॅप्ड’ धरायचा नियम आयपीएलने 2024 मध्ये परत आणला, आणि आधी 12 कोटींना असलेला धोनी चेन्नईने 4 कोटींत ठेवला. (आमच्या वर्गातल्या मुंबईवाल्यांनी नाके मुरडली, ते सोडा.) अमेरिकेच्या एनबीएमध्ये जुन्या खेळाडूने किमान पगारावर एका वर्षाचा करार केला, तर मर्यादेत दोन वर्षांच्या अनुभवाचाच पगार धरतात, वरचा फरक लीग भरते.

म्हणून आमची सूचना अशी, की एकाच क्लबात दहा वर्षे काढलेल्या खेळाडूचा पगार मर्यादेत निम्मा धरावा. श्रीमंत क्लबांनी गैरफायदा घेऊ नये म्हणून असे दोनच खेळाडू चालतील.

काही पालक म्हणतात, ‘अरे, ऑफिसातही खर्च कमी करायचा झाला की जास्त पगाराची जुनी माणसेच आधी जातात.’ ते खरे असेल. पण तिथे तसे होते म्हणून मैदानावरही तसेच व्हावे का? पालकांनी पुढच्या अंकासाठी उत्तर जरूर लिहावे. मराठीत!

— मोठा वर्ग