नलकॉनला आपण कशाला जायचं?

"सिक्युरिटीवाल्यांची परिषद? तिथे तुझं काय काम?" गोव्याला नलकॉनला पहिल्यांदा निघालो तेव्हा टीममधल्या तिघांनी हेच विचारलं. मी काही हॅकर नाही. रोज फॉर्म लिहितो, रिपोर्ट काढतो, शुक्रवारी संध्याकाळी डिप्लॉय करू नका म्हणून ओरडतो. पण मंडळी, माझं स्पष्ट मत आहे की तिथे आधी आपल्यासारख्यांनीच जायला हवं.

पुण्यात 2007 साली क्लबहॅक भरली होती. मग 'नल' या कम्युनिटीतल्या लोकांनी 2010 साली गोव्यात नलकॉन सुरू केली. नलच्या शहरोशहरीच्या बैठका फुकट असतात, आणि हाताने करून बघायच्या सत्रांची नावं चक्क 'हमला' आणि 'बचाव'! काळ्या हुडीतली गूढ माणसं वगैरे सिनेमात ठेवा. (हुडी दिसल्या, पण एसी फार होता म्हणून.)

भाषणांतलं निम्मं डोक्यावरून गेलं. जाऊ द्या. चहाच्या रांगेत कानावर पडलं ते मात्र सगळं ओळखीचं. यूआरएलमधला बुकिंग नंबर 1041 चा 1042 केला की दुसऱ्याचं बुकिंग समोर! लॉगिन तपासलंय, पण हे बुकिंग त्याच माणसाचं आहे का, ते कोणी तपासलेलंच नाही. ओवॅस्पच्या 2017 च्या यादीत हा ब्रोकन ॲक्सेस कंट्रोल पाचवा होता, 2021 च्या यादीत पहिला आला. यात जादू कसली? हे भोक आपल्यातलाच कोणीतरी ठेवतो.

नागावात बसून लिहितोय, तर उदाहरणही इथलंच घ्या. वीकांताला मुंबई-पुण्याची माणसं इथल्या वाड्यांमध्ये उतरतात. होमस्टेवाले ओळखपत्र मागतात, आपण आधारचा फोटो पाठवतो आणि समुद्रावर पळतो. तो फोटो कुठल्यातरी बुकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊन पडला, तर सुपारीच्या वाडीला कुंपण घालणाऱ्या काकांनी त्या सॉफ्टवेअरचं कुंपण कसं तपासायचं? ते काम कोड लिहिणाऱ्याचं.

बाहेरचा कोणी बघून सांगेल या भरवशावर राहू नका. आयटी कायदा 2000, कलम 43: मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या संगणकात शिरलात तर भरपाई मागता येते. हेतू लबाडीचा ठरला तर कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद. आता हेतू चांगला होता हे पटवत कोण बसणार? भोक सांगायला जावं, तर "तू आत शिरलासच कसा?" हे आधी ऐकावं लागतं. सर्ट-इनकडे कळवायची सोय आहे, तरी पुष्कळ जण गप्प बसणंच पसंत करतात. मला त्यांचा राग येत नाही.

तिकीट जड वाटलं तर नलकॉन राहू द्या, शहरातल्या नलच्या बैठकीला जा. आणि सोमवारी ऑफिसात आपल्याच टेस्ट सर्व्हरवर दोन खाती उघडा, एकातून दुसऱ्याचा नंबर टाकून बघा. दहा मिनिटांचं काम आहे.